फील नदीकाठचे लिस्टोल

आयर्लंड या देशाशी आपले नाते जुने आहे. 'होमरूल' हा शब्द लोकमान्यांनी आणि ॲनी बेझंटबाईंनी १९१६ साली आपल्याकडे घरोघर पोहोचविला, तो मूळचा आयरिश राजकारणातला. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पनाही आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहे. असे असूनही तिथली लहान गावे कशी असतात, तिथला बाजार कसा भरतो, माणसे संध्याकाळी कुठे जमतात, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. आयर्लंडला जाणारा प्रवासी डब्लिन पाहतो, नैर्ऋत्येकडील केरी परगण्यात किलार्नीची सरोवरे पाहतो आणि परत फिरतो. त्याच केरी परगण्याच्या उत्तर भागात, ट्रॅली या मुख्य शहरापासून सुमारे २८ किलोमीटरवर, फील नदीच्या काठी लिस्टोल नावाचे बाजारगाव आहे. वस्ती जेमतेम पाच हजारांची. आपल्याकडील एखादे तालुक्याचे गावही याहून मोठे भरेल. या वेळी वाचकांना आम्ही तिकडे नेणार आहो.

लिस्टोल हा इंग्रजी अवतार झाला. मूळ आयरिश नावाचा अर्थ 'टुआहलची गढी' असा आहे. हा टुआहल कोण हे कोणी सांगू शकत नाही, पण गढ्यांवरून गावांना नावे पडण्याची रीत आपल्याला नवीन नाही. आज गावात जो किल्ला दिसतो तो मात्र त्या गढीहून पुष्कळ अलीकडचा, फिट्झमॉरिस घराण्याचा आहे. मूळच्या चार बुरुजांपैकी दोन उभे आहेत आणि उंच कमानीने ते एकमेकांना जोडलेले आहेत. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या सैन्याने १६०० सालच्या नोव्हेंबरात या किल्ल्याला वेढा घातला. २८ दिवस आतली शिबंदी झुंजली आणि मग किल्ला पडला. आता सरकारचे सार्वजनिक बांधकाम खाते त्याची निगा राखते आणि उन्हाळ्यात प्रवाशांना तो आतून दाखविला जातो.

किल्ला गावच्या मुख्य चौकाच्या एका कडेला आहे. या चौकाभोवती गावाचे सारे आयुष्य गोळा झालेले आहे. मध्यभागी सेंट जॉनचे जुने प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिर आहे. १८१९ साली ते बांधले गेले. पुढे उपासकांची संख्या रोडावली आणि इमारत ओस पडण्याची वेळ आली, तेव्हा गावकऱ्यांनी तिचे नाट्यगृह आणि कलामंदिर केले. जवळच कॅथलिक मंडळींचे सेंट मेरी मंदिर आहे आणि एका जुन्या, प्रशस्त घरात केरीच्या लेखकांचे संग्रहालय आहे. चौकाच्या कोपऱ्यात लिस्टोल आर्म्स नावाचे हॉटेल आहे. याच हॉटेलच्या खिडकीत उभे राहून होमरूल चळवळीचा पुढारी चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल याने १८९१ च्या सप्टेंबरात गावकऱ्यांपुढे भाषण केले. त्याच्या खाजगी आयुष्यातील प्रकरणामुळे निम्मा देश त्याच्यावर उलटला होता, प्रकृती ढासळली होती. पुढच्याच महिन्यात त्याचा अंत झाला.

बाजाराच्या दिवशी भाजीपाला, चीज, पाव, मध, रोपे घेऊन आजूबाजूचे शेतकरी गावात येतात. घोड्यांचा बाजारही वर्षातून काही वेळा रस्त्यातच भरतो. सौदा ठरला की अजूनही हातावर हात मारून तो पक्का करतात. आपल्याकडील बैलबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना दुभाष्याची गरज पडू नये.

गावातून चालताना मान वर ठेवावी. दुकानांच्या दर्शनी भागांवर चुन्यागिलाव्यात उठविलेली रंगीत शिल्पे दिसतात. कुठे सिंह आहे, कुठे वेलबुट्टी, तर कुठे हार्प वाद्याशेजारी बसलेली 'आयर्लंडची कन्या' आणि तिच्यापाशी शिकारी कुत्रा. हे सारे पॅट मॅकॉलिफ नावाच्या एका गवंड्याचे काम. १८४६ साली जन्मलेला हा माणूस १९२१ पर्यंत जगला. गिलावा करता करता त्याला जे सुचले ते त्याने दुकानदारांच्या भिंतींवर चढविले. त्यात काही ठिकाणी प्रमाण चुकलेले आहे आणि काही ठिकाणी रंग अंमळ भडक वाटतो, हे खरे; परंतु एका गवंड्याची कला शंभर वर्षे जपावी असे ज्या गावाला वाटले, त्या गावाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

आता आगगाडीची गोष्ट. ती सांगितल्यावाचून लिस्टोलचे कोणतेही वर्णन पुरे होत नाही.

चार्ल्स लार्तिग या फ्रेंच अभियंत्याने अल्जीरियात उंट पाहिले. पाठीच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाची ओझी लटकवून उंट डौलाने चालतो. मग गाडी तशी का चालू नये, असे त्याच्या मनात आले म्हणतात. जमिनीपासून साधारण मीटरभर उंच अशा लोखंडी तिकाटण्यांवर त्याने एकच रूळ टाकला आणि त्यावर गाडी खोगिरासारखी बसविली: अर्धी उजवीकडे, अर्धी डावीकडे. इंजिनालाही दोन बाष्पपात्रे, रुळाच्या दोन अंगांना एकेक. १८८८ साली लिस्टोलपासून समुद्रकाठच्या बॅलीबनियन गावापर्यंत सुमारे १५ किलोमीटरचा हा मार्ग सुरू झाला. बॅलीबनियनला रुंद वाळूचा किनारा आहे, उंच कडे आहेत, आणि सागरी वनस्पती घातलेल्या कढत पाण्यात अंगदुखीचे लोक स्नान करतात. तेव्हा उतारूंची वाण नव्हती.

गंमत होती ती तोल सांभाळण्यात. एका बाजूला धिप्पाड शेतकरी बसला की गार्ड दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाची माणसे शोधी. गाय न्यावयाची झाली तर समोरच्या अंगाला दोन वासरे घालीत, आणि परतताना ती वासरे दोन बाजूंना एकेक अशी येत. एका बाईचा पियानो नेण्यासाठी पलीकडे गाय घातली आणि मग ती गाय परत कशी आणावी यावरून कसा घोळ झाला, ही कथा त्या भागात अजून रंगवून सांगतात. तिच्यातले खरे किती आणि पदरचे किती याची चौकशी कोणी करीत नाही. रूळ उंचावर असल्यामुळे रस्त्यांना तो सहज ओलांडता येत नसे. त्यासाठी उचलते पूल करावे लागले. उतारूंना एका बाजूकडून दुसरीकडे जाता यावे म्हणून पायऱ्यांची एक गाडीच आगगाडीला जोडलेली असे. ही गाडी वेगवान नव्हती आणि किफायतशीर तर कधीच नव्हती, तरी ती ३६ वर्षे चालली. यादवी युद्धात मार्गाचे नुकसान झाले आणि १९२४ साली ती बंद पडली.

आमच्या वाचकांपैकी दिल्लीकरांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी जपून ठेवलेली आहे. १९०७ साली सुरू झालेल्या या गाडीची पद्धत निराळी होती. तिचा बहुतेक भार एका रुळावर असे आणि तोल सावरण्यास बाजूला रस्त्यावरून धावणारे मोठे चाक असे. पण एका रुळावर गाडी चालविण्याची हौस दोहोंकडे सारखीच. लिस्टोलकरांनीही आपली गाडी विसरून जाऊ दिली नाही. वर्गणी, सरकारी साहाय्य आणि स्वयंसेवकांचे श्रम यांतून तिची हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली आणि २००३ पासून ती थोड्या अंतरावर धावू लागली. बाहेरून जुने वाफेचे इंजिन दिसते, आत डिझेलचे यंत्र आहे. टोकाला पोहोचले की इंजिन फिरविण्याचा विधी पाहण्यास मुले गर्दी करतात.

लिस्टोलची दुसरी कीर्ती साहित्याची आहे. एवढ्याशा गावात आणि त्याच्या पंचक्रोशीत इतके लेखक कसे निपजले हे कोडेच आहे. 'द क्वाएट मॅन' हा १९५२ चा गाजलेला चित्रपट ज्यांच्या कथेवरून निघाला ते मॉरिस वॉल्श याच परिसरातले. नाटककार जॉर्ज फिट्झमॉरिस इथलेच. ब्रायन मॅकमॅहन हे गावच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी कथा लिहिल्या, नाटके लिहिली आणि म्हातारपणी 'द मास्टर' या नावाने आपल्या शिक्षकी जीवनाची कहाणी लिहिली. आणि जॉन बी. कीन यांचे तर विल्यम रस्त्यावर पब होते. दिवसा व रात्री गिऱ्हाइके, आणि सगळे निघून गेल्यावर मध्यरात्रीनंतर लेखन, असा त्यांचा क्रम असे.

इथे अनुवादकाची एक अडचण सांगितली पाहिजे. 'पब' या शब्दाला मराठीत काय म्हणावे? 'गुत्ता' म्हटले की तोंड लपवून जाण्याची जागा डोळ्यांपुढे येते. आयर्लंडातील जुन्या गावांत एकाच छपराखाली पुढे वाणसामानाचे दुकान आणि मागे पब असे. तिथे गावच्या बातम्या कळत, गाणे होई, लग्ने जमत, जमिनीचे व्यवहार ठरत. दारूपायी आयर्लंडात संसार धुळीला मिळाले नाहीत असे मुळीच नाही. कीन यांच्या लेखनातही ते आहे. परंतु पब ही मुख्यतः बोलण्याची जागा आहे, आणि फळांचा रस किंवा चहा घेऊन संध्याकाळभर बसणाऱ्या पाहुण्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. म्हणून आम्ही 'पब' हाच शब्द ठेवला. 'क्रॅक' या आयरिश शब्दाचीही तीच गत. गप्पा, थट्टा, गाणे आणि सोबत या सर्वांचा मिळून जो आनंद, त्याला ते हा एक शब्द वापरतात. आपला 'गप्पाष्टक' त्याच्या जवळ जातो, पण पुरा पोहोचत नाही.

कीन यांचे पहिले मोठे नाटक 'साइव्ह'. डब्लिनच्या सुप्रसिद्ध ॲबे नाट्यगृहाने ते नाकारले. तेव्हा लिस्टोलच्या हौशी नाट्यमंडळीने १९५९ साली ते स्वतःच रंगभूमीवर आणले आणि त्याच वर्षी अखिल आयर्लंड हौशी नाट्यस्पर्धेत ते पहिले आले. कथा अशी: साइव्ह ही पोरकी मुलगी, चुलती पैशाच्या लोभाने, लग्न जमविणाऱ्या दलालाच्या मदतीने, तिला एका म्हाताऱ्या धनिक शेतकऱ्याच्या गळ्यात बांधू पाहते. मराठी वाचकाला देवलांची 'शारदा' आठवल्यावाचून राहणार नाही. देवलांचे नाटक १८९९ चे, कीन यांचे त्यानंतर साठ वर्षांनी. एक कृष्णाकाठचे, दुसरे फीलकाठचे, आणि दोन्हींत मुलीचा सौदा तोच. फरक शेवटात आहे. शारदा नदीवर जीव देण्यास निघते आणि वाचते. साइव्ह रात्री घर सोडून पळते आणि दलदलीत तिचा अंत होतो. लिस्टोलच्या प्रेक्षकांपुढे हे नाटक झाले तेव्हा अशी लग्ने जुळविणारे लोक त्यांच्या ओळखीचे होते. आपल्याच गावाविषयीचे असे कडू सत्य ज्यांनी पैसे देऊन पाहिले आणि मग त्या लेखकाचा पुतळा उभारला, त्यांचा सत्कार केवळ लेखकाच्या प्रसिद्धीसाठी नव्हे. १९६५ चे 'द फील्ड' तर याहून कठोर आहे. लिलावात निघालेल्या एका शेतासाठी माणूस खून करतो आणि सारा गाव तोंड मिटून बसतो. जमिनीची ही भूक आपल्या शेतकऱ्याला समजावून द्यावयास नको.

१९७० च्या दशकाच्या आरंभापासून लिस्टोलमध्ये उन्हाळ्याच्या तोंडी लेखकांचा सप्ताह भरतो. देशोदेशीचे लेखक येतात, व्याख्याने होतात, नवोदितांसाठी वर्ग चालतात. या दिवसांत पाहुणा कोणत्याही दुकानात शिरला तरी दुकानदार त्याला 'आपण काय लिहिता?' असे विचारण्याचा संभव आहे. उत्तर नसेल तर तोच स्वतःचे काही ऐकवील.

सप्टेंबरात घोड्यांच्या शर्यती असतात. नदीपलीकडच्या 'आयलंड' नावाच्या मैदानावर १८५८ पासून त्या होत आल्या आहेत. सुगी झालेली, शेतकऱ्याच्या हाती पैसा खुळखुळणारा, अशी वेळ साधून त्या ठेवलेल्या आहेत. आठवडाभर गाव झोपत नाही म्हटले तरी चालेल. रात्री चौकात 'रेन बॉइज' नावाच्या सोंगांचे मेळे नाचतात: गवताचे पेंढे अंगावर, तोंडाला रंग, हातात ढोल. त्या दिवसांत मेंढीच्या मांसाचे खास वडे करून ते रश्शात गरम करून वाढण्याची जुनी चाल आहे. शाकाहारी पाहुण्याने सोडा घातलेला तपकिरी पाव, लोणी आणि बटाटे यांवर समाधान मानावे. त्यात दुःख करण्यासारखे काही नाही, कारण उत्तर केरीचे लोणी उत्तमच असते.

लोण्यावरून आठवले. या भागाचे खरे धन म्हणजे गवत आणि गाई. १९७२ साली लिस्टोल येथे दुधातील केसीन काढण्याचा कारखाना निघाला. त्यात शासकीय दुग्धकंपनी, आठ लहान सहकारी संस्थांचा संघ आणि एक अमेरिकन कंपनी असे तिघांचे भांडवल होते. दोन वर्षांनी शेतकऱ्यांनी आपली केरी सहकारी संस्था स्थापिली. त्यातूनच वाढत वाढत आज जगभर पसरलेला केरी उद्योगसमूह झाला. आणंद आणि वारणा यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कथेत रस वाटेल. पोरे बोटीत बसून इंग्लंड-अमेरिकेला जातात आणि गावी फक्त म्हातारी उरतात, ही त्या भागाची पिढ्यान्पिढ्यांची व्यथा होती. ती संपली असे नाही, पण दुधाने तिला काहीसा बांध घातला.

भारताशी लिस्टोलचे दोन धागे आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. पहिला, लॉर्ड किचनेरचा. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला आणि कर्झनशी भांडून त्याला राजीनामा देण्यास भाग पाडणारा हा सेनानी १८५० साली लिस्टोलजवळच जन्मला. दुसरा धागा १९२० च्या जूनमधला. आयर्लंडात स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. लिस्टोलच्या पोलीस ठाण्यातील शिपायांना ठाणे लष्कराच्या हवाली करण्याचा हुकूम झाला. त्यांनी नकार दिला. १९ जूनला विभागीय पोलीस आयुक्त कर्नल स्माइथ स्वतः आले आणि लोकांवर बेधडक गोळ्या झाडा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख असल्याचे शिपायांनी पुढे सांगितले. स्माइथ यांनी आपण तसे बोललो नसल्याचे म्हटले. जेरेमाया मी (हे त्याचे आडनाव) या शिपायाने आपली टोपी, पट्टा आणि संगीन काढून टेबलावर ठेवली आणि या इंग्रजी वस्तू परत घ्या, असे सुनावले. त्याला पकडण्याचा हुकूम झाला, पण सहकाऱ्यांपैकी कोणी त्याच्या अंगाला हात लावीना. पुढच्या महिन्यात कॉर्क शहरात क्रांतिकारकांनी स्माइथ यांना ठार केले. हे स्माइथ जन्मले होते आपल्या डलहौसीला.

लिस्टोलच्या घटनेनंतर नवव्या दिवशी, २८ जून १९२० रोजी, जालंदरच्या छावणीत कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीने मायदेशातील अत्याचारांच्या निषेधार्थ शस्त्रे खाली ठेवली. सोलन येथील तुकडीचा पुढारी जेम्स डेली याला २ नोव्हेंबरला दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. त्याच्या अस्थी १९७० मध्ये आयर्लंडला नेल्या गेल्या. शिमल्याकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांनी दगशाईचा तो तुरुंग पाहिला असेल. आता तेथे संग्रहालय आहे. दोन बंडांचा आपसात काही कट होता असे दिसत नाही. एकाच वाऱ्याची ती दोन ठिकाणची झुळूक होती.

आता स्वच्छतेविषयी थोडे. आयर्लंडात १९५८ पासून 'नेटकी गावे' या नावाची सरकारी स्पर्धा चालते. २०१८ साली देशातील सर्वांत नेटके गाव हा मान लिस्टोलला मिळाला. बक्षीस मोठे नव्हे, पण त्यामागे स्वयंसेवकांचे वर्षानुवर्षांचे श्रम आहेत: संध्याकाळी घमेले-खुरपे घेऊन निघावयाचे, रस्त्याच्या कडा साफ करावयाच्या, खिडक्यांत फुले लावावयाची. गावचा जुना उकिरडा जिथे होता तिथे १९९५ साली 'युरोपचे उद्यान' उघडले. युरोपातील देशांची झाडे तेथे शेजारी शेजारी लावली आहेत, आणि नाझींनी मारलेल्या ज्यूंचे स्मारकही तेथेच आहे. फुलझाडांमध्ये ते पाहून पाहुणा क्षणभर थबकतो. उकिरड्याच्या जागी फक्त बाग करून ते थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती.

आयरिश माणूस अगत्यशील, असे प्रवासपुस्तकांत ठोकून दिलेले असते. आमच्या मते त्यात थोडी भर घालावयास हवी. लिस्टोलसारख्या गावात माणसे अनोळखी माणसाशी बोलतात, कारण बोलणे हा तिथला खरा छंद आहे आणि ऐकणारा नवा असला की जुनी गोष्ट पुन्हा सांगता येते. तेव्हा पाहुण्याने घाई करू नये. 'कुठून आलात?' या प्रश्नाचे उत्तर 'भारत' एवढेच देऊन थांबू नये. गाव सांगावे, गावची नदी सांगावी. स्वतःविषयी थोडेसे बोलल्याखेरीज समोरचा खुलत नाही.

तिथे जाण्यास रेल्वे नाही. ट्रॅली ते लिमरिक हा लोहमार्ग लिस्टोलवरून जात असे; १९६३ मध्ये त्यावरील उतारूंची वाहतूक बंद झाली आणि पुढे मार्गच मोडला. आता त्या जुन्या रेल्वेवाटेवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी सुंदर मार्ग तयार झाला आहे. लिस्टोलचा भाग २०२२ साली खुला झाला, आणि लिमरिक परगण्यातील वाटेशी मिळून त्याची लांबी ५० किलोमीटरांहून अधिक भरते. शॅनन विमानतळावरून येणाऱ्याने शॅनन नदीची मोटारी नेणारी नाव घ्यावी. वीस मिनिटांत ती टार्बर्टला उतरविते आणि तिथून लिस्टोल फार दूर नाही. आयर्लंडचा प्रवेश-परवाना वेगळा काढावा लागतो. युरोपातील इतर पुष्कळ देशांना मिळून चालणारा शेंगेन परवाना तिथे चालत नाही. मे ते सप्टेंबर हा काळ बरा. छत्री मात्र बाराही महिने बरोबर असावी. आणि पावसात अडकून एखाद्या दुकानाच्या दारात उभे राहावे लागलेच, तर आतून कोणीतरी 'आत या ना' म्हणेल, अशी बऱ्याच अंशी खात्री देता येते.